बाईंना वेळ द्या, मुलीला नेमकं सांगा

मुलीच्या नव्या बाईंना आधार कसा द्यायचा आणि वाचायला घाबरणाऱ्या मुलीला प्रोत्साहन कसं, या तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकते. बाईंना तुम्ही पालक म्हणून दोन गोष्टी देऊ शकता, वेळ आणि सोबत. मुलीला एकच द्यायची, तिने नक्की काय बरोबर केलं ते तिला तिथल्या तिथे सांगायचं. पण तुम्ही इतक्या काळजीने विचारलंय की एवढ्यावर सोडणं मला बरं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी मुंबईत मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत तीसेक वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं पहिली-दुसरीला, नंतर मुख्याध्यापिका झाले आणि आता नव्या शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसते, त्यांना हवी ती मदत करते.

तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे, वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, बाई यंदाच नव्या आल्यात. मागच्या पालकसभेत चार-पाच जण बाईंवर इतके चढले की त्या रडकुंडीला आल्या, आणि तुम्हाला ते आवडलं नाही पण काय बोलावं सुचलं नाही. आणि इकडे मुलगी वाचायला बसली की दोन ओळींत पुस्तक मिटते, "मला येतच नाही" म्हणते, तुम्ही शाब्बास शाब्बास करून थकलात. तुम्हाला हे दोन वेगळे प्रश्न वाटतायत. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे.

कसा ते सांगते. दुसरीच्या मुलाचं वाचन कुठे अडतंय हे बघायचं असेल तर त्याला एकट्याला जवळ बसवावं लागतं. अक्षरं येतात का, साधे शब्द येतात का, मग छोटा उतारा, मग गोष्ट. "प्रथम" ही शिक्षणात काम करणारी संस्था 2005 पासून "असर" या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत असंच एकेका मुलाजवळ बसून वाचून घेते, आणि ही संस्था 1995 साली आपल्या मुंबईतच सुरू झाली बरं का, वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून. आता एका मुलाला पाच मिनिटं धरा, पन्नास मुलांना अडीचशे मिनिटं, म्हणजे चार तासांच्या वर. अख्खा एक दिवस, आणि त्या दिवसात बाकीची एकोणपन्नास पोरं शांत बसून राहतील असं समजून. तेव्हा बाईंचं तुमच्या मुलीकडे लक्ष नाही असं जे वाटतं ना, त्यात दर वेळी मनाचा प्रश्न नसतो, बऱ्याचदा मिनिटांचा असतो.

तुम्ही म्हणाल कायद्यात तर तीस मुलांना एक शिक्षक आहे. बरोबर, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तेच प्रमाण आहे, पण ते शाळेच्या एकूण पटावर मोजतात. म्हणजे शाळेचा हिशोब कागदावर जुळतो आणि तरी एखाद्या वर्गात गर्दी होतेच, कुठे तुकडी एकत्र केलेली असते, कुठे एक जण दीर्घ रजेवर, कुठे पद भरलेलंच नाही.

त्यात बाईंचा दिवस कसा जातो ते जरा डोळ्यांसमोर आणा. सकाळचं अधिवेशन, म्हणजे सकाळची पाळी असेल आणि घर बदलापूर नाहीतर टिटवाळ्याला, तर पहाटेची लोकल. आल्या आल्या हजेरी, मग पोषण आहाराची चव घेऊन नोंद, मग पोर्टलवर माहिती, कुणाच्या आधारकार्डावर नाव वेगळं तर कुणाची जन्मतारीख वेगळी, अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकासाठी संमतीपत्रं गोळा करायची, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँकेची खाती, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी प्रत्येक मुलाच्या वेगळ्या, आणि या सगळ्यात मोबाईलवर मेसेज येतो की अमुक माहिती तातडीने पाठवा. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून शिक्षकांना दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावायचं नाही असं त्याच कायद्यात लिहिलंय, पण निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादी तपासायचं काम आलं की पाय चाळी आणि टॉवर चढून दुखायला लागतात. आणि तुमच्या बाई नव्या आहेत म्हणजे शिक्षण सेवक असण्याची शक्यता बरीच आहे, पहिली तीन वर्षं मानधनावर. हे मानधन प्राथमिकला आधी महिना सहा हजार होतं, 2023 पासून सोळा हजार झालं. सोळा हजारात मुंबईत राहायचं, घरी गावाला थोडेफार पाठवायचे आणि सकाळी पन्नास पोरांसमोर हसत उभं राहायचं. मला या मुलींचं खरंच कौतुक वाटतं आणि त्यांना सभेत असं बोलतात त्याचा रागही येतो.

आता मदत म्हणजे नेमकं काय. पाच सप्टेंबरला फूल आणि ग्रीटिंग द्या, छान वाटतं, कुणालाही वाटतं, पण त्याने सहा तारखेला काही हलकं होत नाही. तुम्हाला जे जमेल ते एक काम उचला. मी बघितलेलं सगळ्यात उपयोगी काम कुठलं सांगू? एका शाळेत दोन मुलांच्या आयांनी वर्गाची कागदपत्रं गोळा करायचं अंगावर घेतलं होतं, म्हणजे कुणाची झेरॉक्स राहिली, कुणाची सही राहिली, कुणाच्या वडिलांचा नंबर बदलला, ते सगळं त्या गेटवर उभ्या राहून, कुणाच्या घरी जाऊन, फोन करून जमवायच्या आणि पटाच्या क्रमाने लावून बाईंच्या टेबलावर ठेवायच्या. पोर्टलवर भरायचं काम बाईंचंच, ते दुसऱ्या कुणी करायचंही नाही, पण जमवाजमव संपली होती. त्या बाई मला म्हणाल्या की मॅडम, या आठवड्यात मी आठ मुलांचं वाचन घेतलं. बस, हेच पाहिजे होतं.

दुसरं, मुख्याध्यापकांना विचारून आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चार-पाच मुलांना घेऊन व्हरांड्यात वाचत बसा. शिकवायचं काही नाही, तुम्हाला बीएड लागत नाही त्याला, मूल वाचतंय आणि कुणीतरी मोठं माणूस लक्ष देऊन ऐकतंय एवढंच. कुणाला वाटतं आपण फार शिकलेलो नाही, आपण काय ऐकणार. अहो, मला आठवतात त्या नऊवारीतल्या एक आजी, स्वतःला वाचता येत नव्हतं पण गोष्ट ऐकायला येऊन बसायच्या आणि "मग पुढं काय झालं रं?" म्हणायच्या, पोरं त्यांना वाचून दाखवायला भांडायची.

तिसरं, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे बाईंची तक्रार मांडायची नाही, एवढा एक नियम चार पालकांनी मिळून पाळला तरी वातावरण बदलतं. तक्रार असेल तर शाळेत जाऊन, शांतपणे, बाईंची वेळ विचारून. साडेबाराला गेटवर नाही, तेव्हा एका हाताने त्या पोरांना लाईनीत धरत असतात आणि दुपारचं अधिवेशन आत घुसत असतं.

आणि सभेत काय बोलायचं हे सुचलं नाही म्हणालात, तर पुढच्या वेळी उठून एवढंच विचारा, "बाई, आमच्याकडून काय मदत झाली तर तुम्हाला मुलांसोबत जास्त वेळ मिळेल?" बघा काय होतं ते. ओरडणारे पालक वाईट नसतात हो, दिवसभर कामावर राबून आलेले असतात, पोरगं मागे राहील याची भीती असते आणि ती भीती समोर दिसेल त्या माणसावर निघते. त्यांना हातात काहीतरी काम मिळालं की तीच माणसं पुढे येतात. शिवाय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असेल, त्यात कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती चालते. तुम्ही जा तिथे. रिकामं पद, बंद पंखा, गळणारी खिडकी, हे मुद्दे बाईंच्या तोंडून वरिष्ठांकडे गेले तर कधी कधी त्यांनाच जड जातात, समितीच्या ठरावातून गेले तर शाळेची मागणी म्हणून जातात.

हे पालकांचं झालं. पण खरं सांगायचं तर नव्या शिक्षिकेला सगळ्यात जास्त गरज असते ती शेजारच्या वर्गातल्या जुन्या बाईंची. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला आदिवासी पाड्यांत गेलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, आपण त्यांचं नाव आदराने घेतो. पण त्या कामात पहिल्यापासून अनुताई वाघ सोबत होत्या हे विसरायला नको. इतक्या मोठ्या बाईलाही कुणीतरी सोबत लागलं, मग तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला पन्नास पोरांत एकटं सोडून "वर्ग सांभाळता येत नाही" असं म्हणायचं हे मला पटत नाही.

मी वर्गात जाऊन बसते तेव्हा शेरेबाजी करायला जात नाही. आधी बाईंनाच विचारते की मी काय बघू. एकदा एक नव्या बाई म्हणाल्या की मुलं उत्तरच देत नाहीत, तेच ते तीन हात वर येतात. मी मागच्या बाकावर बसले आणि फक्त एक गोष्ट बघितली, प्रश्न विचारल्यावर त्या किती थांबतात. थांबतच नव्हत्या. "पाऊस कुठून येतो?" आणि लगेच "सांगा, ढगातून ना?" मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांमधलं बोलणं टेप करून हेच मोजलं होतं, शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलंही बोलतात. मी बाईंना एवढंच सांगितलं, प्रश्न विचारा आणि मनात एक, दोन, तीन म्हणा. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचा एक मुलगा, जो महिनाभर तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला "आमच्या पत्र्यातून येतो". वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत, त्यांनी विचारलं "पत्र्यावर कुठून येतो मग?" आणि तो विचार करायला लागला. आता यात शिक्षिकेला आधार मिळाला की मुलाला प्रोत्साहन मिळालं, वेगळं काढून दाखवा. म्हणून म्हणते की दोन्ही एकच आहे.

आता तुमच्या मुलीकडे येते. शाब्बास म्हणू नका असं नाही, पण नुसत्या शाब्बासने तिला काही कळत नाही. ती वाचताना "सूर्य" ला अडली समजा. बरीच मुलं तिथे "सूयर" वाचतात, कारण डोळ्याला र वर आणि शेवटी दिसतो. आता ती एकदा थांबली, मागे गेली आणि "सूर्य" म्हणाली, तर तिथेच सांगा, "वरचा रफार बघितलास आणि र आधी म्हणालीस, बरोबर केलंस." हे ऐकून तिला कळतं की तिने काय केलं म्हणून जमलं, आणि पुढे "पर्वत" आला की ती तेच करते. गणितात पण तसंच. बावन्नातून सत्तावीस गेले, उत्तर पस्तीस आलं. लाल फुली मारली की संपलं. पण विचारलं "कसं केलंस सांग ना मला", तर ती सांगेल की पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. म्हणजे तिला वजाबाकी येते, फक्त दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने उलटं केलं. मग तिला म्हणायचं, "मोठ्यातून लहान घालवायचं हे तुला पक्कं माहितीये, आता दोन सुटे पुरत नाहीत तर एक दशक सुटा करूया." काड्या आणि रबर घ्या, एक गठ्ठा सोडा, तिला स्वतःच्या हाताने पंचवीस दिसू दे.

"किती हुशार गं माझी बाय ती" हे प्रेमाने म्हणतोच आपण, मीही नातवंडांना म्हणते, पण अभ्यासाच्या वेळी जपून. 1998 साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते, मुलांना कोडी सोडवायला दिली, काहींना म्हणाले तू हुशार आहेस, काहींना म्हणाले तू मेहनत घेतलीस. नंतर हुशार म्हटलेली मुलं सोपं कामच निवडायला लागली, आणि मधे अवघड कोडी देऊन ती चुकल्यावर त्यांचा रस कमी झाला आणि पुढची कोडीही आधीपेक्षा कमी सुटली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघडाला भिडली. तुमची मुलगी "मला येतच नाही" म्हणते ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, चुकलं तर आपण हुशार नाही असं ठरेल, त्यापेक्षा पुस्तक मिटलेलं बरं. तिला "नाही गं, येतं तुला" म्हणू नका, तिला ते खोटं वाटतं. त्याऐवजी जूनमधली वही काढा आणि आत्ताची वही शेजारी ठेवा, बघ तेव्हा काना सुटायचा, आता सुटत नाही. पुरावा समोर असला की मुलं मानतात.

रोज पंधरा मिनिटं पुरे. घर एका खोलीचं असेल, टीव्ही चालू असेल, ते मला माहितीये, मुंबईत कुणाकडे अभ्यासाची वेगळी खोली असते, म्हणून टीव्ही बंद करायची एकच वेळ ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी ती पाळा. आधी तुम्ही वाचा, मग दोघांनी मिळून, मग ती एकटी, एकच पान तीन वेळा झालं तरी चालतं, तिसऱ्या वेळेला आवाज मोठा होतो बघा. पाठ्यपुस्तकच पाहिजे असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत शेकड्याने गोष्टी फुकट आहेत आणि त्यांच्यावर पातळी लिहिलेली असते, पहिल्या पातळीपासून सुरू करा, तिला सोपी वाटली तर चांगलंच. घरी मालवणी, अहिराणी, भोजपुरी काही बोलत असाल तर गोष्ट त्या भाषेत सांगायला लावा, अर्थ कळलाय की नाही ते तिथेच समजतं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द असं लक्ष्य दिलंय, कुणीतरी तुम्हाला ते सांगेलच, पण घरी घड्याळ लावून बसू नका, आधीच घाबरलेलं मूल आणखी घाबरतं.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद करा, आणि हे मी सगळ्याच घरांत ऐकते. "थांब, बाईंना नाव सांगते तुझं." त्याने बाई म्हणजे पोलीस होतात. मग वर्गात न आलेलं बाईंना विचारायची हिंमत होत नाही आणि तुम्हीच मग म्हणता की ती वर्गात बोलत नाही. तसंच तिच्यासमोर बाईंबद्दल वाकडं बोलायचं नाही, सात वर्षांच्या मुलीने घरी ऐकलेलं आणि वर्गात बघितलेलं कसं जुळवायचं? उलट घरी काही चांगलं दिसलं तर बाईंना कळवा, आणि तेही नेमकं. "बाई, तुम्ही परवा दशकाचे गठ्ठे सोडून दाखवलेत ना, ती घरी आजीला माचिसच्या काड्यांनी तेच शिकवत होती." असा एक मेसेज शिक्षकाला किती दिवस पुरतो ते मी सांगू शकते, माझ्याकडे अशा काही चिठ्ठ्या अजून डबीत आहेत.

बाईंच्या बाजूने इतकं लिहिलं म्हणून गैरसमज नको. मुलाला मारलं, वर्गासमोर अपमान केला, जातीवरून किंवा गरिबीवरून बोललं, तर गप्प बसायचं नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद आहेत. आधी बाईंशी बोला, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या, समितीत मांडा. आधार देणं म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं नाही, आणि चांगले शिक्षकही हेच म्हणतील.

शिकवणीचं विचारलंत, तर दुसरीला शिकवणीची गरज मला वाटत नाही. बाईंनाच संध्याकाळी घ्याल का असं विचारू नका, त्याच कायद्याच्या कलम 28 ने शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे, त्या नाही म्हणाल्या तर रागावू नका. त्यापेक्षा दोन आठवडे वर लिहिल्याप्रमाणे घरी वाचा, ती कुठल्या शब्दांना अडते ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, जोडाक्षरं अडतात की रफार की उकार-वेलांटी, आणि ते पान बाईंना नेऊन दाखवा. त्यांची त्या चार तासांतली पाच मिनिटं तुम्ही तिथे वाचवलेली असतील, आणि तुमच्या मुलीजवळ कुठून सुरुवात करायची ते त्यांना आयतं मिळेल. ती यादी मलाही पाठवा, त्याप्रमाणे कुठल्या गोष्टी वाचायच्या ते सांगते.